सहा घोडे आणि तीनशे रूप : भास्कराचार्यांची शाब्दिक उदाहरणे पुरावा म्हणून कशी वाचायची?

इतिहासप्रेमी मंडळींच्या लिखाणात भास्कराचार्यांच्या गणितातली उदाहरणे वरचेवर येतात. बहुतेक वेळा ती दोन कामांसाठी येतात. पहिले काम कौतुकाचे. भुंग्यांचा थवा, कदंबाचे फूल, ‘मृगाक्षी’ म्हणून केलेली हाक. आपल्याकडे गणितसुद्धा कसे रसाळ होते बघा, असे म्हणून लेख संपतो. दुसरे काम पुराव्याचे. बाराव्या शतकात घोडा केवढ्याला, मोती केवढ्याला, यात्रेला खर्च किती, हे या उदाहरणांतून थेट उचलले जाते. दोन्ही वाचनांत एक गोष्ट राहून जाते. उदाहरण सोडवून कोणी बघत नाही. मग त्यातला कोणता भाग खरा, कोणता भाग गणिताच्या सोयीचा, हे कळणार कसे?

या टिपणात ‘बीजगणित’ आणि ‘लीलावती’ यांतली मोजकी उदाहरणे घेतली आहेत आणि ती शेवटपर्यंत सोडवली आहेत. गणित नावडते त्यांनी घाबरू नये, सहावी-सातवीचीच पातळी आहे.

दोन ग्रंथ, दोन वाटा

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ (इ.स. १११४) चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे इ.स. ११५० मध्ये त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग मानले जातात. लोकांना पाठ असते ती बहुधा ‘लीलावती’. ती मुख्यतः अंकगणिताची पोथी. अज्ञात संख्या काढायची वेळ आली की तिथे ‘इष्टकर्म’ वापरतात. म्हणजे काय, तर उत्तर म्हणून एक सोयीची संख्या धरायची, अटींप्रमाणे हिशेब करायचा, आणि जे चुकीचे उत्तर येईल त्याच्या प्रमाणात धरलेली संख्या वाढवायची किंवा कमी करायची. ‘बीजगणित’ दुसऱ्या वाटेने जाते. तिथे अज्ञाताला आधी नाव द्यायचे, ‘यावत्तावत्’, म्हणजे ‘जेवढे असेल तेवढे’. लिहिताना नुसते ‘या’. आणखी अज्ञात असतील तर कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे; म्हणून त्यांना ‘वर्ण’ म्हणतात. मग उदाहरणातले वाक्य जसेच्या तसे या नावाच्या भाषेत मांडायचे, दोन बाजू समान आहेत असे म्हणायचे, आणि वजाबाकी करून ‘या’ मोकळा करायचा.

आज शाळेत ‘समीकरण मांडा’ म्हणतात ते हेच. आणि शाळेतली मुले जिथे अडतात तीही हीच जागा. सोडवणे सोपे असते, वाक्य मांडणे जड जाते.

घोड्याची किंमत तीन वेळा

एका अज्ञाताच्या समीकरणाच्या प्रकरणातले सुरुवातीचे उदाहरण असे आहे. एकाजवळ ३०० रूप धन आणि ६ घोडे आहेत. दुसऱ्याजवळ तशाच किमतीचे १० घोडे आहेत, पण त्याच्या डोक्यावर १०० रूप कर्ज आहे. दोघांची मालमत्ता सारखी. तर एका घोड्याची किंमत किती?

मांडणी एकाखाली एक करतात:

या ६ रू ३००
या १० रू १०० (डोक्यावर टिंब, म्हणजे ऋण)

वरच्या ओळीतले ‘या’ खालच्यातून वजा केले की ४ या उरतात. खालचे ऋण १०० पलीकडे गेले की ४०० होतात. चार घोडे ४०० रूप, एक घोडा १०० रूप. ताळा बघा: पहिल्याचे ६०० आणि ३०० मिळून ९००, दुसऱ्याचे १००० वजा १००, पुन्हा ९००.

इथे एक घोटाळा होऊ शकतो. ‘रू’ हे अक्षर बघून आपल्याला रुपये आठवतात. पण हा ‘रू’ म्हणजे ‘रूप’, ज्याच्यापाशी अज्ञात नाही असा नुसता आकडा. रुपया हे नाणे शेरशहाच्या वेळचे, म्हणजे सोळाव्या शतकातले. तेव्हा ‘भास्कराचार्यांच्या काळी घोडा शंभर रुपयांना’ हे वाक्य नाण्याच्या नावापासूनच चुकते.

आणि किंमतही टिकत नाही. त्याच प्रसंगाला आचार्य पुढे दोन पर्याय जोडतात. पहिल्याच्या धनाच्या निमपटीत २ मिळवले तर दुसऱ्याचे धन होते, असे असेल तर? पहिल्याचे निम्मे म्हणजे ३ या आणि १५०, त्यात २ मिळवून १५२. दुसरीकडे १० या वजा १००. म्हणजे ७ या बरोबर २५२, घोडा ३६ ला. आणि पहिला दुसऱ्याच्या तिप्पट श्रीमंत असेल तर? ६ या आणि ३०० एका बाजूला, ३० या वजा ३०० दुसऱ्या बाजूला. २४ या बरोबर ६००, घोडा २५ ला.

घोडे तेच, माणसे तीच, आणि भाव १००, ३६, २५. तिन्ही पूर्णांक, २५, ३६ आणि १०० तर वर्गसंख्याही. आचार्यांना बाजारभाव सांगायचाच नाही. वाक्यातली एक अट बदलली की मांडणी कशी बदलते हे दाखवायचे आहे, आणि त्यासाठी बाकी सगळे जागच्या जागी ठेवले आहे. शिकवण्याची ही पद्धत आजही पुस्तकांत क्वचितच सापडते. आपली पुस्तके दर वेळी नवा प्रसंग देतात, आणि मुलाला नेमके काय बदलले ते कळत नाही.

एका उदाहरणाला दोन उत्तरे

पुढचे रत्नांचे उदाहरण किमती उचलणाऱ्यांनी जरूर बघावे. एकाजवळ ५ माणके, ८ नीलम, ७ मोती आणि ९० रूप. दुसऱ्याजवळ ७ माणके, ९ नीलम, ६ मोती आणि ६२ रूप. दोघे सारखेच श्रीमंत. तर प्रत्येक रत्नाची किंमत सांगा.

अट एक आणि अज्ञात तीन. एवढ्यावरून किमती ठरूच शकत नाहीत, आणि आचार्य ते लपवत नाहीत. ते किमतींचे प्रमाण स्वतःच धरतात: माणिक ३ या, नीलम २ या, मोती १ या. पहिल्याचे १५, १६ आणि ७ मिळून ३८ या आणि ९०. दुसऱ्याचे २१, १८ आणि ६ मिळून ४५ या आणि ६२. ७ या बरोबर २८, या बरोबर ४. म्हणजे माणिक १२, नीलम ८, मोती ४, आणि प्रत्येकाचे धन २४२. मग लगेच दुसरी रीत देतात: नीलम ५ आणि मोती ३ असे धरा, फक्त माणिक अज्ञात ठेवा. आता २ या बरोबर २६, माणिक १३, आणि धन २१६.

म्हणजे एकाच पानावर माणिक १२ ला आणि १३ ला, मोती ४ ला आणि ३ ला. यातली बाराव्या शतकातली खरी किंमत कोणती? कोणतीच नाही. लेखकाने स्वतः दोन भाव दिल्यावर त्यातला एक उचलून ‘पुरावा’ म्हणणे हे लेखकाला न वाचण्यासारखेच आहे. यातून एवढे मात्र शिकायला मिळते की माहिती कमी पडली तर आपण काय गृहीत धरले ते उघड सांगायचे. इतिहास लिहिणाऱ्यांनाही हा धडा उपयोगी पडावा.

अज्ञात कशाला म्हणायचे

मांडणीची खरी कसोटी लागते ती दोन मित्रांच्या उदाहरणात. एक म्हणतो, मला १०० दे, म्हणजे मी तुझ्या दुप्पट होईन. दुसरा म्हणतो, तूच मला १० दे, म्हणजे मी तुझ्या सहापट होईन. दोघांजवळ किती?

आपण सरळ दोन अज्ञात धरून दोन समीकरणे लिहू. आचार्य एकाच अज्ञातात भागवतात, कारण ते पहिल्याच्या धनाला ‘या’ म्हणतच नाहीत. पहिल्याचे धन २ या वजा १००, दुसऱ्याचे १ या अधिक १००, असे ते धरतात. आता शंभर इकडून तिकडे गेले की पहिल्याचे २ या, दुसऱ्याचे १ या. पहिली अट काहीही न करता पुरी झाली. उरली दुसरी: १ या अधिक ११० हे, २ या वजा ११० च्या सहापट. म्हणजे १ या अधिक ११० बरोबर १२ या वजा ६६०. ११ या बरोबर ७७०, या बरोबर ७०. पहिल्याजवळ ४०, दुसऱ्याजवळ १७०.

‘या’ इथे कोणाचेच धन नाही. देवघेव झाल्यावर दुसऱ्याजवळ जे उरते ते आहे. म्हणजे अज्ञात हा प्रश्नात विचारलेलाच असला पाहिजे असे नाही. ज्याला नाव दिल्याने वाक्य सोपे होईल त्याला नाव द्यावे. बीज म्हणजे नुसती अक्षरे नसून बुद्धी, असे आचार्यांनी ग्रंथातच म्हटले आहे. त्याचा अर्थ या उदाहरणात हाताला लागतो. भुंग्यांचे कौतुक करणाऱ्या लेखांत हे उदाहरण सहसा नसते, कारण त्यात फूल नाही, डोळे नाहीत. मला मात्र सगळ्या ग्रंथातले अस्सल सौंदर्य इथे दिसते.

आपल्या भागाचा संबंध

हैदराबादेत राहून हे का वाचायचे, असे कोणी विचारील. ‘बीजगणिता’वरची एक महत्त्वाची टीका ‘सूर्यप्रकाश’, शके १४६० (इ.स. १५३८) ची, सूर्यदासाने लिहिली. तो गोदातीरच्या पार्थपूरचा, ‘सिद्धान्तसुंदर’कार ज्ञानराजाचा मुलगा. पार्थपूर म्हणजे आजची पाथरी असे सामान्यतः मानतात; परभणी जिल्ह्यातले हे गाव १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होते. तीन वर्षांनी त्याने ‘लीलावती’वरही टीका लिहिली.

दुसरा धागा औरंगाबादचा. ‘बीजगणिता’चा फारसी अनुवाद इ.स. १६३४-३५ मध्ये शाहजहानच्या काळात अताउल्ला रशीदी याने केला. ताजमहालाशी ज्याचे नाव जोडले जाते त्या उस्ताद अहमद लाहोरीचा हा मुलगा, आणि बीबी का मकबरा बांधणारा अताउल्ला तो हाच. याच फारसीवरून एडवर्ड स्ट्रेचीने १८१३ मध्ये इंग्रजी केले. त्याही आधी, १५८७ मध्ये, फैजीने ‘लीलावती’ फारसीत आणली होती. लीलावती ही आचार्यांची मुलगी, घटिकापात्रात मोती पडला आणि लग्नाची वेळ टळली, ही कथा फैजीच्या प्रस्तावनेतली आहे. आचार्यांच्या ग्रंथात ती नाही. गोष्ट गोड आहे, सांगायला हरकत नाही. पण सांगताना ‘फैजी म्हणतो’ एवढे दोन शब्द जोडावेत.

यात्रेकरूचे गणित आणि पाटणचा जकातीचा लेख

मग प्रसंगांचे काय? आकडे सोडले तर प्रसंग तरी पुरावा म्हणून चालतील का? चालतील, पण एकटे नाहीत.

‘लीलावती’तले यात्रेकरूचे उदाहरण घेऊ. एकाने आपल्या धनाचा अर्धा भाग प्रयागला दिला. उरलेल्याचे दोन नवमांश काशीला. उरलेल्याचा चौथा हिस्सा वाटेत जकातीत गेला. उरलेल्याचे सहा दशांश गयेला. ६३ निष्क घेऊन तो घरी परतला. निघाला तेव्हा किती होते?

इष्टकर्माने ६० धरू. अर्धे गेले ३० उरले. त्याचे दोन नवमांश गेले २३ आणि एक तृतीयांश उरले. चौथा हिस्सा गेला १७ ½ उरले. सहा दशांश गेले ७ उरले. हवे होते ६३, म्हणजे नऊपट. तेव्हा मूळ धन ५४०. ‘या’ धरून मांडले तरी हेच: ‘या’चे सात षष्ट्यंश बरोबर ६३. प्रयागला २७०, काशीला ६०, जकात ५२ ½, गयेला ९४ ½.

कोणी लगेच लिहील की यात्रेकरूचे दहा टक्क्यांच्या आसपास पैसे जकातीत जात. नको. अपूर्णांक असे निवडले आहेत की शेवटी नेमके ६३ उरावेत. काशीला प्रयागच्या पावपटीहून कमी दिले यावरून काशीचे महत्त्वही मोजता येत नाही. प्रसंग मात्र बोलतो. प्रयाग, काशी, गया ही त्रिस्थळी यात्रा आणि वाटेवरची जकात शिकणाऱ्याला समजावून सांगावी लागत नव्हती. ती ओळखीची होती म्हणूनच उदाहरणात आली.

जकात खरी कशी होती हे बघायला दुसरीकडे जावे लागते, आणि योगायोगाने ती जागा याच घराण्याची आहे. चाळीसगावजवळच्या पाटणच्या देवळात शके ११२८ चा शिलालेख आहे, तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने मठ काढला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला देणग्या दिल्या. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. त्यात पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालावर गिऱ्हाइकाकडून राजदरबाराला मिळणारे देणे मठाला दिल्याची नोंद आहे, आणि चालत्या घाण्यामागे पळी पळी तेल दिल्याचीही.

समीकरणे शिकवणारा मठ बाजाराच्या जकातीवर आणि घाण्याच्या तेलावर चालत होता, हे शिलालेख सांगतो. तिथला प्रत्येक तपशील वसुलीसाठी लिहिलेला आहे, उत्तर जुळावे म्हणून नाही. उदाहरण आणि शिलालेख यांतला फरक हाच. उदाहरणावरून प्रश्न सुचतो, उत्तर कागदपत्रांत आणि दगडांवर शोधायचे.

जे उदाहरण आपण वगळतो

‘लीलावती’त व्यस्त त्रैराशिकाचे एक उदाहरण आहे, ते कौतुकाच्या लेखांत कधी दिसत नाही. सोळा वर्षांच्या स्त्रीची किंमत ३२ निष्क, तर वीस वर्षांच्या स्त्रीची किती? त्याच श्लोकात पुढे बैल येतो: दोन वर्षे जुंपलेला बैल ४ निष्कांना, तर सहा वर्षे जुंपलेला केवढ्याला? उत्तरे २५ निष्क आणि तीन पंचमांश, व १ निष्क आणि एक तृतीयांश.

गणित म्हणूनही हे लंगडे आहे. वय आणि किंमत यांचा गुणाकार कायम राहतो असे मानले तर एक वर्षाच्या मुलीची किंमत ५१२ निष्क व्हायला हवी. असा कुठला बाजार नसतो. शिवाय जीवविक्रयाची अशी गणिते आधीच्या श्रीधराकडेही आहेत, म्हणजे उदाहरण परंपरेने आलेले. तेव्हा ‘३२ निष्क’ हा आकडा घोड्याच्या शंभरइतकाच निकामी.

पण प्रसंग तेवढ्याने निकामी होत नाही. बाई आणि बैल एका श्लोकात विकायला ठेवताना शिकवणाऱ्याला काही खुलासा करावासा वाटला नाही, आणि शिकणाऱ्यालाही त्यात अडखळायला झाले नसावे. भुंगे घ्यायचे आणि हे सोडायचे, असे करता येणार नाही. वारसा म्हणून पोथी मांडणार असू तर पान फाडून मांडू नये. आचार्यांचा मान त्याने कमी होत नाही. आपल्या वाचनाचा कमी होतो.

हाली-कलदार : घरचे एक उदाहरण

ही सगळी छाननी आपल्याच भागातल्या एका हिशेबावर लावून बघू. निजामाच्या राज्यात हाली शिक्का चाले, बाहेर इंग्रजी कलदार. अखेरच्या काळातला ठरलेला दर ६ कलदारांना ७ हाली असा होता. शंभर कलदारांचे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. सोलापूर-हैदराबाद ये-जा करणाऱ्या प्रत्येकाला हा हिशेब तोंडी करावा लागे.

तर उदाहरण असे. एका गृहस्थाजवळ हाली आणि कलदार मिळून १०० रुपये होते. सगळे हालीत बदलले तेव्हा ११० हाली झाले. कलदार किती होते?

कलदारांना ‘या’ म्हटले तर सात षष्ठांशाचे लचांड मागे लागते. दोन मित्रांच्या उदाहरणातली युक्ती आठवा, आणि कलदारांना ‘६ या’ म्हणा. मग त्यांचे हाली ७ या, मूळचे हाली १०० वजा ६ या. दोन्ही मिळून १ या अधिक १०० बरोबर ११०. या बरोबर १०. कलदार ६०, हाली ४०.

आता समजा, आणखी चारशे वर्षांनी कोणाच्या हाती हे एवढेच उदाहरण लागले. त्यातला ६ ला ७ हा दर इतिहास आहे. दोन चलने एकाच खिशात असत हाही इतिहास आहे. १०० आणि ११० हे आकडे मात्र मी उत्तर नीट यावे म्हणून घातले. उदाहरण स्वतः हे वेगळे करून सांगणार नाही. दराचा सरकारी कागद शेजारी ठेवल्याशिवाय, आणि समीकरण सोडवून कोणता आकडा कोणत्या सोयीसाठी आला ते बघितल्याशिवाय, त्या वाचकालाही ते कळणार नाही.

भास्कराचार्यांच्या बाबतीत तो वाचक आपण आहोत. म्हणून मंडळातल्या लिहिणाऱ्यांना एवढीच विनंती. यापुढे ‘लीलावती’ किंवा ‘बीजगणित’ यांतले उदाहरण लेखात घ्याल, तेव्हा आधी ते मांडून सोडवा, एखादी अट बदलून उत्तर कसे हलते ते बघा, आणि मगच त्यातून बाराव्या शतकाबद्दल काय म्हणता येते ते लिहा. पाटणचा लेख, जुन्या सनदा, जकातीच्या नोंदी शेजारी असतील तर आणखी बरे. भुंगे त्यानंतरही गोडच लागतील. पंधरा होते ते, सोडवून बघा.